बुडबुडे मोजणारे जगदीशचंद्र

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मागच्या सेमिस्टरला एका प्रॅक्टिकलची दहा रीडिंग्ज घ्यायची होती. मी चारच घेतली. बाकीची सहा रात्री हॉस्टेलवर बसून, ग्राफ सरळ रेषेत येईल अशा बेताने लिहून काढली. आपल्या भाषेत ‘कुक’ केली. यात कुणाला नवल वाटेल असं नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्याकडे मेसपेक्षा जास्त स्वयंपाक जर्नलमध्ये चालतो! दुसऱ्या दिवशी सरांनी ग्राफ पाहिला, त्या जुन्या मीटरवर एवढी सरळ रेषा कशी आली म्हणून हसून विचारलं आणि सही केली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ती सही काही डोक्यातून जाईना.

पुढे काही दिवसांनी या अंकासाठी लेख मागवल्याची नोटीस लागली. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी म्हणजे घरी बोलायची आणि शाळेत पास होण्यापुरती भाषा. मी गिरगावात आजीकडे गेले असताना तिला विचारलं, तर ती म्हणाली, थोर माणसाचं चरित्र लिही, त्यात सहसा चूक होत नाही. म्हणून जगदीशचंद्र बोस निवडले. आम्ही इन्स्ट्रुमेंटेशनवाले, ते वायरलेसचे आद्य संशोधक. दोन पानं लिहून मोकळं होऊ, असा हिशोब होता. पण वाचता वाचता गाडी भलत्याच स्टेशनावर थांबली. तलावात पाण्याखाली वाढणाऱ्या एका साध्या वनस्पतीपाशी!

तिचं नाव हायड्रिला. घाबरू नका, तुमची तिची ओळख आहे. शाळेतला तो प्रयोग आठवा. बीकरमध्ये पाणी, पाण्यात हायड्रिलाच्या फांद्या, त्यांवर उलटं नरसाळं आणि नरसाळ्यावर पाण्याने भरलेली टेस्ट ट्यूब. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायचा, बीकर उन्हात ठेवायचा आणि बुडबुडे वर येताना बघायचे. ट्यूबमध्ये जमलेल्या वायूजवळ विझत आलेली काडी नेली की ती पुन्हा पेटते, म्हणजे तो ऑक्सिजन. आम्ही बाईंनी फळ्यावर काढलेली आकृती वहीत उतरवली, निष्कर्ष पाठ केला आणि बुडबुडे मात्र कुणीच मोजले नाहीत.

जगदीशचंद्रांनी ते मोजले. नुसते मोजले नाहीत, तर मोजणाऱ्या माणसाची गरजच उरू नये असं यंत्र बनवलं. त्या यंत्रापर्यंत ते कसे पोचले, त्याची ही गोष्ट.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, तेव्हाच्या पूर्व बंगालातला. आपण बोस म्हणतो, बंगालीत ते बसू. वडील भगवानचंद्र डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. सरकारी मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाने मुलाला इंग्रजी शाळेत घालायचं, हा तेव्हाचाही रिवाज होता. (आमच्या आईबाबांनी तो पुढे चालवला, असो.) भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. वर्गात त्याच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा. नद्यांच्या त्या मुलखात पाण्यातल्या जिवांच्या गोष्टी त्याने या मित्रांकडून ऐकल्या. त्याला शाळेत पोचवणारा नोकर पूर्वीचा दरोडेखोर होता! भगवानचंद्रांनीच त्याला शिक्षा दिली होती आणि सुटून आल्यावर पोटापाण्यासाठी घरी ठेवून घेतलं होतं. त्याच्या खांद्यावर बसून, त्याच्या जुन्या लढायांच्या गोष्टी ऐकत पोरगा शाळेत जायचा.

पुढे कलकत्त्याला हेअर स्कूल आणि मग सेंट झेवियर्स. तिथे फादर लाफाँ नावाचे बेल्जियन जेझुइट पाद्री फिजिक्स शिकवत. ते वर्गात प्रयोग करून दाखवत आणि गावातल्या लोकांसाठीही विज्ञानाची व्याख्यानं देत. जगदीशचंद्रांना भौतिकशास्त्राची गोडी लागली ती त्यांच्यामुळे.

१८८० साली ते इंग्लंडला गेले ते डॉक्टर व्हायला. पण अंगात मुरलेला ताप पाठ सोडेना आणि डिसेक्शनच्या खोलीतल्या वासाने तो आणखी बळावे. मेडिकल सोडावं लागलं. मग केंब्रिजला ख्राइस्ट्स कॉलेजात विज्ञान शिकले. तिथे फिजिक्सला लॉर्ड रॅले होते आणि वनस्पतिशास्त्राला सिडनी वाइन्स आणि चार्ल्स डार्विनचे चिरंजीव फ्रान्सिस डार्विन. दोन टोकांचे दोन विषय एकाच माणसाच्या डोक्यात शिरले ते असे. आपल्याकडे ब्रँच एकदा मिळाली की मिळाली. तिथे मात्र या दोन विषयांच्या मध्ये भिंत नव्हती, आणि असली तरी या विद्यार्थ्याला ती दिसली नाही.

१८८५ मध्ये ते परतले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेव्हाचा नियम असा की त्याच हुद्द्यावरच्या भारतीयाला इंग्रजाच्या दोन तृतीयांश पगार मिळायचा. त्यातून यांची नेमणूक तात्पुरती, म्हणून त्याच्याही निम्मा. जगदीशचंद्रांनी यावर मोर्चा काढला नाही की राजीनामा दिला नाही. ते रोज वर्गात जाऊन पूर्ण शिकवत राहिले आणि पगार घेईनात. एक महिना, दोन महिने नव्हे, तब्बल तीन वर्षं! वडिलांनी लोकांसाठी काढलेले उद्योग बुडाले होते, घरावर कर्ज होतं आणि १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्न होऊन संसारही सुरू झाला होता. शेवटी सरकार नमलं. पूर्ण पगार, तोही पहिल्या दिवसापासूनच्या थकबाकीसह, मिळाला. तो वडिलांचं कर्ज फेडण्यात गेला.

कॉलेजात संशोधनासाठी लॅब नव्हती. बाथरूमशेजारची एक चिंचोळी खोली मिळाली. हाताशी कोण, तर एक पत्र्याचं काम करणारा कारागीर. दिवसभर लेक्चर्स आणि उरलेल्या वेळात हे. अशा जागेत त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरी तयार करणारी आणि पकडणारी उपकरणं बनवली. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी या अदृश्य लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. त्या घंटेला मधे कुठलीच तार जोडलेली नव्हती. त्या काळी लोकांना ती जादूच वाटली असणार. १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. १८९९ मध्ये त्यांनी पाऱ्याचा वापर केलेला, लहर पकडून आपोआप पूर्ववत होणारा डिटेक्टर जाहीर केला. पेटंट घेऊन पैसा करण्याची त्यांना इच्छा नव्हती. एक अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये त्यांच्या नावावर झालं, तेही मित्रमंडळींच्या आग्रहामुळे.

शाळेच्या पुस्तकातलं चरित्र बहुतेक इथे संपतं. मार्कोनीचं नाव येतं, आपण हळहळतो आणि पान उलटतो. पण जगदीशचंद्रांना स्वतःला हळहळायला सवड नव्हती. त्यांचं लक्ष दुसरीकडे वळलं होतं.

झालं असं, की त्यांचा डिटेक्टर सतत वापरला की मंद पडायचा आणि विश्रांती दिली की पुन्हा नीट काम करायचा. धातूसुद्धा थकतो की काय? मग वनस्पतीचं काय? या प्रश्नाने ते फिजिक्समधून जीवशास्त्राच्या अंगणात शिरले आणि तिथले मालक रागावले. १९०१ मध्ये रॉयल सोसायटीत त्यांनी याविषयीचं काम मांडलं तेव्हा मोठमोठ्या शरीरशास्त्रज्ञांनी विरोध केला. भौतिकशास्त्राच्या माणसाने आपल्या कामात राहावं, असा एकूण सूर होता. सोसायटीने तो निबंध छापला नाही. लिनियन सोसायटीचे अध्यक्ष तेव्हा त्यांचे केंब्रिजचे जुने शिक्षक वाइन्स होते. त्यांनी तिथे बोलायची संधी दिली. १९०२ मध्ये जगदीशचंद्रांनी सगळं पुस्तकरूपाने छापलं. या काळात त्यांच्या लेखनाला हात देणारी एक मोठी व्यक्ती म्हणजे भगिनी निवेदिता.

मला वाटतं, त्यांच्या आयुष्याचं खरं वळण हे आहे. समोरचे म्हणत होते, तुम्ही सांगता ते आम्हाला पटत नाही. तेव्हा दोन मार्ग असतात. एक, अजून जोरात सांगायचं. दुसरा, आपण गप्प बसायचं आणि वनस्पतीलाच सांगू द्यायचं. जगदीशचंद्रांनी दुसरा धरला. पुढची वीस-पंचवीस वर्षं ते एकामागून एक अशी यंत्रं बनवत गेले, ज्यांत झाडाची हालचाल झाडच काजळी धरलेल्या काचेवर लिहील. निरीक्षकाचा हात मधे नको, डोळा नको आणि इच्छा तर नकोच नको.

यातलं सगळ्यांत गाजलेलं यंत्र क्रेस्कोग्राफ. वनस्पतीची वाढ गोगलगाईच्या चालीपेक्षाही सुमारे दोन हजार पट हळू असते, असा हिशोब ते मांडत. ती डोळ्यांनी दिसणार कशी? त्यांनी एकाला एक जोडलेल्या दोन तरफांनी ती दहा हजार पट मोठी केली. पुढे चुंबकाचा उपयोग करून हे वर्धन एक कोटी पटींपर्यंत नेलं. आपण ज्याला सेन्सर, ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्डर म्हणतो, ते सगळं तिथे आहे. फक्त इलेक्ट्रॉनिक्स नाही. घर्षण, थरथर, तापमानाचा फरक या ज्या गोष्टी आपण ‘सोर्सेस ऑफ एरर’ म्हणून जर्नलच्या शेवटी ठरलेल्या तीन ओळींत उरकतो, त्यांच्याशी हा माणूस वर्षानुवर्षं झगडत होता.

१९१७ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, वाढदिवशी, कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू झाली. स्वतःची मिळकत त्यांनी त्यात ओतली. आणि इथे आपली मुंबई येते! संस्थेला मोठ्या देणग्या देणाऱ्यांत मुंबईचे दोन धनिक होते, एस. आर. बोमनजी आणि मूळराज खटाव. खटाव हे नाव भायखळा, लालबाग, परळच्या लोकांना सांगायला नको. या घराण्याची कापडगिरणी भायखळ्याला होती. आज आपण लोकलमधून ज्या चिमण्या आणि त्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर बघतो, त्या गिरणगावातल्या धंद्याचा काही पैसा कलकत्त्याला, झाडाची नाडी मोजणाऱ्या यंत्रांपाशी पोचला, ही गोष्ट मला तरी कुणी सांगितली नव्हती.

दुसरा धागा फोर्टातला. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विद्वान १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. शहररचनेमुळे आपल्या सिव्हिलवाल्यांना त्यांचं नाव माहीत असेल. ते मुळात जीवशास्त्राचे माणूस. जगदीशचंद्रांचं पहिलं मोठं इंग्रजी चरित्र त्यांनीच लिहिलं आणि ते १९२० मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी लंडनमध्ये क्रेस्कोग्राफच्या खरेपणावर वर्तमानपत्रातून जाहीर शंका घेतली गेली. जगदीशचंद्रांनी शास्त्रज्ञांसमोर यंत्र मांडून प्रयोग करून दाखवला आणि पाहणाऱ्या नामवंतांनी वाढीची नोंद खरी असल्याचं जाहीरपणे कळवलं. १९२० मध्येच ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. निबंध न छापणारी सोसायटी तीच!

आता परत पाण्याकडे.

बंगालातल्या तळ्यांत, खाड्यांत, नद्यांत तेव्हा पाणवनस्पतींनी उच्छाद मांडला होता. बाहेरून आलेली जलपर्णी एवढी माजली की होड्या चालेनात, भातशेतीचं नुकसान होऊ लागलं. पवईच्या तलावावर हिरवा गालिचा पसरलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना कल्पना येईल. यावर विचार करायला १९२१ मध्ये सरकारने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष जगदीशचंद्र होते. जलपर्णी पाण्यावर तरंगते, निदान दिसते तरी. पाण्याखाली वाढणारी हायड्रिला दिसतही नाही. आणि या दडून वाढणाऱ्या झाडाचं काम मोजायचं यंत्र त्यांनी याच सुमारास हाती घेतलं.

जमिनीवरच्या झाडाचं प्रकाशसंश्लेषण मोजणं कठीण, कारण वायू हवेत मिसळून जातात. पाण्याखालच्या झाडाचं बरं असतं, त्याचा ऑक्सिजन बुडबुड्याच्या रूपाने दिसतो. बुडबुडे मोजण्याची पद्धत जुनीच होती. पण तिच्यात मोठी खोट आहे. ती कळावी म्हणून मी स्वतः करून पाहिलं. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या फिशटँकवाल्यांच्या दुकानातून हायड्रिलाची जुडी आणली, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी आणि सोडा घातला आणि बरणी खोलीच्या खिडकीत ठेवली. पहिल्या मिनिटाला माझे अकरा बुडबुडे झाले. त्याच मिनिटात माझ्या रूम पार्टनरने सोळा मोजले! ती बारीक बुडबुडे धरत होती, मी सोडून देत होते. बुडबुडा केवढा, हे कोण ठरवणार? दोन लहान मिळून एक मोठा झाला तर? आणि मोजणाऱ्याला आकडा वाढलेला हवा असेल तर डोळा नकळत बारीक बुडबुडेही धरू लागतो. माझ्या त्या सहा रीडिंग्जची आठवण मला इथे झाली.

जगदीशचंद्रांचा उपाय असा. पाण्याने भरलेली बंद बाटली, आत हायड्रिला. बाटलीला नळी आणि नळीच्या वाटेवर झडपेसारखा बसवलेला पाऱ्याचा थेंब. ऑक्सिजन साठत गेला की दाब वाढतो. ठरावीक दाबाला पारा उचलला जातो, तेवढा वायू निसटतो आणि पारा पुन्हा जागेवर बसतो. त्यामुळे प्रत्येक वेळी निघणारा बुडबुडा सारख्याच मापाचा. पारा विजेचा वाहक, म्हणून तो हलला की सर्किट जोडलं जातं आणि त्या क्षणी घंटा वाजते किंवा फिरणाऱ्या ड्रमवर ठिपका उमटतो. ठिपके जवळजवळ म्हणजे झाड जोरात काम करतंय, लांबलांब म्हणजे मंद. सूर्यासमोर ढग आला की ठिपक्यांतलं अंतर वाढायचं आणि ढग सरला की कमी व्हायचं. टाउन हॉलमधली घंटा अदृश्य लहरींनी वाजली होती, ही घंटा पाण्याखालचं झाड वाजवत होतं. पारा दोन्हीकडच्या संशोधनात त्यांच्या कामी आला, तेव्हा लहर पकडायला आणि आता श्वास मोजायला.

या यंत्रावर त्यांनी हायड्रिलाची रीडिंग्ज ऋतूमागून ऋतू घेतली आणि १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणावर एक पूर्ण पुस्तक लिहिलं. त्यात एक विचित्र गोष्ट नोंदलेली आहे. हिवाळ्यातल्या हायड्रिलाला पाण्यातला कार्बन डायऑक्साइड मिळाला नाही, तर ती ऑक्सिजन सोडणं थांबवते. अपेक्षेप्रमाणेच. पण उन्हाळ्यातली हायड्रिला कार्बन डायऑक्साइड नसलेल्या पाण्यातही ऑक्सिजन सोडताना दिसली. या उन्हाळी झाडात त्यांना मॅलिक आम्ल सापडलं, आणि झाड कार्बनसाठी त्याचा उपयोग करत असावं असा त्यांनी निष्कर्ष काढला. एकच झाड, ऋतू बदलला की कामाची रीत बदलतं! तेव्हाच्या कुठल्याही पुस्तकात हे बसत नव्हतं. ग्राफ सरळ आणायचा असता, तर हीच रीडिंग्ज पहिल्यांदा खोडली गेली असती.

त्यांनी ती खोडली नाहीत. ऊस आणि मक्यासारखी झाडं आधी मॅलिकसारखी आम्लं बनवून कार्बन धरतात, हा सी-फोर मार्ग १९६० च्या दशकात उलगडला. इकडे हायड्रिला १९५० च्या दशकात फिशटँकच्या धंद्यातून अमेरिकेत फ्लोरिडाला पोचली होती आणि तिथली तळी आणि नद्या तिने भरून टाकल्या होत्या. ती एवढी का फोफावते हे शोधताना तिथल्या संशोधकांना दिसलं, की दाट हायड्रिला असलेल्या पाण्यात उन्हाळ्याच्या दुपारी कार्बन डायऑक्साइड जवळपास संपतो, आणि अशा वेळी ही वनस्पती सी-फोर पद्धतीकडे वळते. म्हणजे जगदीशचंद्रांच्या ड्रमवरच्या ठिपक्यांचा अर्थ जगाला अर्ध्या शतकाहून अधिक काळाने लागला. गोविंदजी आणि ए. एस. राघवेंद्र या प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासकांनी अलीकडच्या काळात बोसांच्या या जुन्या कामाकडे पुन्हा लक्ष वेधलं.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर हा लेखसुद्धा कुक केल्यासारखा होईल. जगदीशचंद्रांचं सगळंच बरोबर निघालं नाही. झाडात पाणी वर कसं चढतं, यावर त्यांचं मत होतं की खोडातल्या जिवंत पेशी हृदयासारख्या धडधडून ते वर ढकलतात. हे विज्ञानाने स्वीकारलं नाही. पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाच्या ओढीने पाण्याचा सलग स्तंभ वर खेचला जातो, असं आज मानलं जातं. झाडात विजेचे संदेश फिरतात हे त्यांचं म्हणणं आज मान्य आहे. पण झाड आणि प्राणी यांच्यात त्यांनी जेवढं साम्य मांडलं, तेवढं सगळं टिकलं नाही. मला यात एक फरक दिसतो. जिथे ते यंत्रावरच्या रेषेपाशी थांबले, तिथे ते शंभर वर्षांनीही उभे आहेत. जिथे रेषेच्या पुढे जाऊन मनातली मोठी कल्पना तिच्यावर चढवली, तिथे काळाने ती उतरवली. त्यांच्याबद्दलचा आदर यामुळे कमी होत नाही. त्यांची यंत्रं इतकी प्रामाणिक होती की मालकाची चूकसुद्धा पुढच्यांना तपासता आली.

तलावातल्या वनस्पती मोजण्याच्या आजच्या पद्धती वेगळ्या आहेत. पाण्यात ठरावीक मापाची चौकट टाकून तेवढ्या जागेतली झाडं उपटून, सुकवून, वजन करतात. एक पारदर्शक आणि एक काळी अशा दोन बाटल्या पाण्यात टांगून दोन्हींतल्या ऑक्सिजनचा फरक काढतात. ही पद्धत नॉर्वेतल्या फिओर्डमधल्या कामातून १९२७ मध्ये पुढे आली, म्हणजे जगदीशचंद्रांच्या पुस्तकानंतर तीनच वर्षांनी. आता बोटीवरून ध्वनिलहरी सोडून तळाची झाडी मोजता येते, उपग्रहावरूनही बघता येते. आपल्या नळाला येणारं पाणी विहार, तुळशी, तानसा अशा तलावांतून येतं. त्या पाण्याखाली काय आणि किती वाढतंय, हा प्रश्न काही फक्त बॉटनीचा नाही. तो कुणीतरी मोजत असतं, आणि त्याने ते खरं मोजावं अशी आपली अपेक्षा असते.

जगदीशचंद्र २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे वारले. एकोणऐंशीव्या वाढदिवसाला सात दिवस राहिले होते. मागे राहिली त्यांची संस्था, पुस्तकं आणि त्या कारागिरांच्या हातांनी बनलेली नाजूक यंत्रं.

माझ्या प्रॅक्टिकलचं सांगायचं राहिलं. या सेमिस्टरच्या सुरुवातीला मी लॅब असिस्टंटकाकांना विचारून एका दुपारी पुन्हा दहा रीडिंग्ज घेतली. रेषा सरळ आली नाही. सातवा पॉइंट तर बराच खाली गेला. तीन वेळा घेतला, तिन्ही वेळा खालीच! ते पान नेऊन सरांना दाखवलं आणि मागची सहा खोटी होती हेही सांगून टाकलं. मार्क आधीच लागले होते, त्यामुळे त्यांत काही बदल होणार नव्हता. सरांनी बराच वेळ पान पाहिलं आणि सातव्या पॉइंटभोवती पेन्सिलीने गोल करून दिला. तो खाली का जातो, हे शोधायचं काम आता माझ्याकडे आहे. अजून सापडलेलं नाही.

हायड्रिलाची बरणी अजून खिडकीत आहे. परीक्षेच्या दिवसांत वाचून कंटाळा आला की कुणीही या आणि पाच मिनिटं बुडबुडे मोजून जा. फक्त आकडा येईल तोच लिहायचा.

(तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन)